दोन टिंबं

अजमानच्या पोलीस ठाण्यासमोर
मोईदू सायबांचं टायपिंग सेंटर,
त्यातली खिडकीपासची खुर्ची माझी.
तक्रार पस्तीस दिरहम, झेरॉक्स एक.
एसीखालच्या बादलीत टपटप चालू असते
आणि मी उजवीकडून डावीकडे लिहीत जाते
लोकांचं जे गेलं ते.

गुलजमान येतो, पाण्याच्या टँकरवरचा.
बसायच्या आधीच सांगायला लागतो:
मोबाइल, काळा, काच कोपऱ्यात तडकलेली,
रात्री नऊ सतराला, रोटीच्या दुकानाबाहेर.
नऊ सतरा!
मलाही एक वेळ अशीच पाठ आहे, सहा बेचाळीस.
ती कुठल्या कागदावर नाही.
जाताना विचारतो, मिळेल ना?
आणि खरंच थांबतो उत्तरासाठी.

बायका आधी झेरॉक्सचा भाव विचारतात.
मग भिंतीवरचं कॅलेंडर वाचतात.
मग म्हणतात, माझी एक मैत्रीण आहे.

किती मैत्रिणी असतील या गावात,
एकीलाही मी अजून पाहिलं नाही.
कुसुमलताच्या मैत्रिणीचा सात महिन्यांचा पगार कपाटात,
कपाटाची किल्ली थोरल्या मुलाकडे,
आणि थोरला मुलगा रात्री
इथे ती पाणी मागते.
विचारते, लिहिलं तर व्हिसाचं काय होतं?
मी कीबोर्डवर बोटं ठेवून बसलेली.
ती उठते, टेबलावर पाच दिरहम ठेवते.
कसले गं?
पाण्याचे.

कॉम्प्युटरात नमुना तयार असतो.
वरती 'मुश्तकी', फिर्याद करणारा.
करणारी असेल तर शेवटी एक अक्षर जोडायचं,
मिटल्या तोंडासारखं गोल, वर दोन टिंबं.
मराठीत बरंय, फिर्यादी म्हणजे तोही, तीही,
काही कळत नाही.
इथे मोजता येतं.
मागच्या रमजानपासून या रमजानपर्यंत
मी ते अक्षर अकरा वेळा जोडलं.
सहा पर्स, तीन बांगड्या, एक सायकल.
अकरावी वैजयंता, कऱ्हाडची नर्स.
तिनं सगळं लिहायला लावलं, दोन शब्द तर मला
शब्दकोशात शोधावे लागले.
अर्ध्या तासात ठाण्यातून परत आली.
म्हणाली, ते विचारतात, तू तिथे गेलीसच कशाला?
गुलजमानला विचारलं होतं, कितीचा होता?

आणि परवा बाबाजी तोडणकर, गुहागरकडचा वेल्डर,
दार भरून टाकणारा माणूस.
उभाच राहिला.
झेरॉक्स कितीला, म्हणाला.
कॅलेंडरकडे बघत म्हणाला, एक दोस्त आहे, कॅम्पातला.
फोरमन त्याला खोलीवर बोलावतो.
मी मान वर केली नाही. एवढं मला येतं.
बराच वेळ बादली वाजत होती.
'जाऊ दे गो बाय. पाकीट चोरलं असं लिही.
एकशे चाळीस दिरहम. चोर अनोळखी.'
लिहिलं. नमुना होता तसाच चालला.
मग त्यानं खिशातून पाकीट काढलं
आणि माझे पस्तीस मोजून दिले.

त्या रात्री सेंटर बंद करताना
मी नमुन्यात ते अक्षर कायमचं जोडून टाकलं.
आता पुरुष आला की पुसायचं.

चार दिवस पुसत राहिले.
पाचव्या दिवशी गुलजमान दुसरी तक्रार घेऊन आला,
टँकरची बॅटरी गेली म्हणून,
आणि गर्दीत माझ्याकडून पुसायचं राहिलं.

दहाव्या मिनिटाला तो परत. कान लाल.
बाई बनवलंस मला! सगळं ठाणं हसत होतं!
कागद माझ्यासमोर आपटून म्हणाला,
ठाऊक आहे, तो हवालदार मला काय म्हणाला?
म्हणाला, इतक्या रात्री तू बाहेर काय करत होतीस?

मी अक्षर पुसलं, कागद पुन्हा काढून दिला.
पैसे घेतले नाहीत.
तो दारापर्यंत गेला, थांबला,
आणि या वेळी
मिळेल ना, असं विचारलं नाही.